एक मात्रा कमी

कीबोर्डवालीने गाण्याच्या मधोमध हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"दादा, माझ्याच्याने नाही व्हायचं हे," ती म्हणाली.

गायक तसाच उभा राहिला. अर्धी ओळ तोंडात होती, ती त्याने गिळली.

"काय नाही व्हायचं? साधं गाणं आहे. माझी बायको झोपेत वाजवायची."

"त्या वाजवत असतील झोपेत. मी जागी आहे. जागेपणी तुमच्याबरोबर वाजवलं की मला वाटायला लागतं, मला मोजताच येत नाही. परवा शिकवणीच्या पोरांसमोर मी बोटं मोजत बसले होते. पोरं हसायला लागली."

"नाचता येईना अंगण वाकडं."

"असेल. तुमचं अंगण तुम्हालाच लखलाभ."

ती उठली आणि वायर गुंडाळू लागली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं, कारण रागावलेल्या माणसाला आणखी चार शब्द सुनावता येतात. ही नुसती दमली होती. कीबोर्ड पिशवीत घालून तिने चेन लावली, पिशवी खांद्यावर घेतली आणि दारातून आडवी काढताना चौकटीला आपटली. त्याने उठून दार धरलं नाही. वाजवणाऱ्याचं वाद्य वाजवणाऱ्याने सांभाळावं, असा त्याचा नियम होता.

बायको वारल्यापासून हे असंच चाललं होतं. आधी ड्रमवाला गेला, जो त्यांच्याबरोबर उभं आयुष्य वाजवत होता. मग गिटारवाला आला आणि गेला. व्हायोलिनवाला तर मध्यंतरात हात धुवायला म्हणून गेला तो गेलाच. त्याचा कोट अजून हॉटेलातल्या खुंटीला लटकत होता. प्रत्येकाच्या जाण्याचं कारण गायकापाशी तयार असे. ड्रमवाला पिऊन आला होता. गिटारवाल्याच्या डोक्यात हवा गेली होती. व्हायोलिनवाल्याला दुसऱ्याचं कौतुक बघवत नव्हतं. आता कीबोर्डवालीचं कारण शोधायचं होतं. संध्याकाळपर्यंत तेही सापडलं असतं.

बायको होती तेव्हा माणसं टिकायची. ती अकॉर्डियन वाजवायची आणि गायकाच्या मागे, थोडी डावीकडे, एका उंच स्टुलावर बसायची. स्वभावाने बोलघेवडी. नवीन वाजवणारा पहिल्यांदा घरी आला की ती त्याला आधी स्वयंपाकघरात न्यायची, चहा टाकायची आणि दार लोटून घ्यायची. आतून कुजबूज यायची, मग हसणं. गायक बाहेर घसा साफ करत बसायचा. त्याला वाटायचं, नवऱ्याच्या तापट स्वभावाबद्दल सांगत असेल: मनावर घेऊ नका, बोलतो पण मनात काही नसतं. नवीन माणूस हसत बाहेर यायचा आणि वर्षानुवर्षं राहायचा.

आता त्याच्यापाशी एकच काम उरलं होतं. एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी तो गायचा. रविवार ते शुक्रवार तो कसा जगायचा, ते त्याचं त्याला माहीत. कप विसळायचा, तोच परत घ्यायचा, परत विसळायचा. पण शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो त्या बुटक्या स्टेजवर उभा राहिला आणि पाठीमागून सूर आला की त्याला वाटायचं, आहे. ती आहे मागे. स्टुलावर बसली आहे. मागे कुणीतरी वाजवत असेपर्यंत वळून बघायची गरज नव्हती. वाजवणारा कोण याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. गाणं गेलं असतं तरी त्याने सोसलं असतं. पण ते दोन तास गेले तर तिच्याजवळ जायला त्याला दुसरी वाट नव्हती.

म्हणून कीबोर्डवाली गेली तेव्हा तो मनातून हादरला. शनिवार तोंडावर आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने हॉटेल गाठलं. हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. एक जाडा वेटर कोपऱ्यात बसून नॅपकिनांच्या घड्या घालत होता. मॅनेजर वयाने लहान, हातात कायम दोन फोन, आणि बोलताना नेहमी तिसरीकडे बघणारा.

"दादा, पुन्हा कुणीतरी गेलं ना?"

"तिला जमत नव्हतं. मीच म्हटलं, जा."

"तुम्हीच सगळ्यांना जा म्हणता. आणि ते जातात. बरे ऐकतात तुमचं." मॅनेजरने एक फोन खिशात टाकला. "लोक इथे जेवायला येतात. गाणारा आणि वाजवणारा एकमेकांकडे कसे बघतात ते बघायला येत नाहीत. मी म्हणतो, माणूस हवाच कशाला? मशीन आहे. तुम्ही गाता ती सगळी जुनी गाणी नुसत्या वाद्यांची मिळतात. बटण दाबलं की सुरू. ना चहा मागत, ना रुसत."

गायकाने नाक मुरडलं. पण नाकापेक्षा शनिवार मोठा होता. तो स्टेजवर चढला.

मॅनेजरने यंत्र लावलं. भिंतीवरच्या डब्यांमधून व्हायोलिनं निघाली, ड्रम निघाला. गायकाने डोळे मिटले आणि गाणं उचललं. मुखडा झाला. पहिला अंतरा चांगला गेला, आवाज मोकळा होता. अंतरा संपवून तो पुन्हा मुखड्यावर आला, आणि मशीन मागे राहिलं.

"उशिरा येतंय हे," त्याने डोळे उघडून सांगितलं.

"पुन्हा लावतो."

पुन्हा तेच. त्याच जागी तो मुखड्यावर पोचला आणि मशीन अजून अंतऱ्याच्या शेपटीतच होतं.

"यात बिघाड आहे. दुसरं गाणं लावा."

दुसरं लावलं. पहिल्या अंतऱ्याला नीट झालं. दुसऱ्याला पुन्हा मशीन मागे.

"दादा," मॅनेजर हळूच म्हणाला, "मशीन उशिरा येत नाही हो."

"मग काय मी लवकर येतो?"

मॅनेजरने तिसरीकडे बघितलं. गायकानेही बघितलं. तिथे तो वेटर होता. नॅपकिनची घडी डाव्या हातात तशीच राहिली होती आणि उजव्या हाताचं बोट टेबलावर ठेका धरत होतं, आपोआप, जसं कुणाचंही धरतं. मशीन अजून सुरूच होतं आणि बोट मशीनबरोबर पडत होतं. गायक बघतोय हे लक्षात आल्यावर वेटरने बोट मुठीत घेतलं आणि खाली मान घालून घडी पुरी केली.

माणसांची कारणं सांगता येतात. पण मशीन पीत नाही. मशीनच्या डोक्यात हवा जात नाही. मशीनला त्याचं कौतुक बघवत नाही, असंही म्हणता येत नव्हतं.

"आणखी एकदा लावू?" मॅनेजरने विचारलं.

"नको."

"शनिवारचं काय मग?"

"माणूस आणतो," गायक म्हणाला आणि स्टेजवरून उतरला.

ड्रमवाला आता मुलाच्या टायरच्या दुकानात बसायचा. त्याला सगळे ठोक्या म्हणत, आणि तो गायकाला शाळेपासून भोंगा म्हणायचा, कारण वर्गात हजेरी देताना याचा आवाज मैदानापर्यंत जायचा. गायक पोचला तेव्हा ठोक्या पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होता.

"ये भोंग्या. चाक पंक्चर झालं का?"

"मी मात्रा खातो?" गायकाने उभ्याउभ्याच विचारलं.

ठोक्याने ट्यूब थोडी फिरवली. "बस की आधी."

"खातो का?"

"खातोस."

"कधीपासून?"

"मी ऐकतोय तेव्हापासून. अंतरा संपला की आठ मोजून मुखड्यावर यायचं असतं. तू सातावरच येतोस."

"नेहमी?"

"नेहमी येत असतास तर काय हवं होतं? आम्हीही नेहमी सातावर आलो असतो. कधी खातोस, कधी नाही खात. लहर तुझी."

गायक एका टायरवर बसला. टायर दबलं आणि तो अपेक्षेपेक्षा खाली गेला.

"मग कुणी बोललं का नाही?"

"वहिनीची तंबी होती. पहिल्याच दिवशी चहा पाजून सांगितलं मला. म्हणाली, त्याच्यासमोर हा विषय काढायचा नाही. कळलं तर तो मोजायला लागेल, आणि मोजायला लागला की त्याचं गाणं संपलं. गिटारवाले, बासरीवाले, जितके आले गेले तितक्यांना तिने हेच सांगितलं. तू मात्रा खायचास आणि आम्ही सगळे मूग गिळायचो."

"पण तुम्ही तर कधी चुकला नाहीत. मी आठवून बघतोय. एकदाही नाही."

"टाच," ठोक्या म्हणाला.

"कसली?"

"वहिनीची. स्टुलाच्या आडव्या दांडीवर टेकलेली असायची. तू खाणार असलास की ती टाच उचलायची. आम्ही टाच बघायचो आणि सातावर यायचो. तुझ्याकडे मी आयुष्यात बघितलं नाही, भोंग्या. तुझ्यात बघण्यासारखं होतं काय?"

त्याला हसू आलं, पण गायक हसला नाही, म्हणून त्यानेही आवरलं.

"आणि तिला कसं कळायचं? मी खाणार ते?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, दूध उतू जाणार असलं की आधी कळतं ना, तसं."

"म्हणजे काय बघायची ती?"

"ते तिलाच माहीत."

टबात एक बुडबुडा वर आला. ठोक्याने तिथे खडूने खूण केली.

"शनिवारी ये," गायक म्हणाला. "एकच शनिवार."

"येऊन काय करू? टाच कुठून आणू?" ठोक्याने ट्यूब पाण्याबाहेर काढून फडक्याने पुसायला घेतली. "ती गेल्यावर मी अंदाजाने वाजवत होतो तुझ्याबरोबर. डोळे बांधून रस्ता ओलांडतात तसं. आणि तू भर हॉलमध्ये माइकवरून मला दारुड्या म्हणालास. मी थेंब घेत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक आहे."

गायकाने तोंड उघडलं.

"राहू दे," ठोक्या म्हणाला. "मी रागावलेलो नाही आता. इथे बरं आहे. चाक कसं, फिरलं की पूर्ण फिरतं."

घरी येऊन गायकाने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि चमच्याने ठोके द्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. आठपर्यंत जायचं, मग मुखडा. हातचा मळ होता, यात अवघड काही नव्हतं. पण मोजायला लागलं की शब्द सुटायचे आणि शब्द धरले की मोजणी सुटायची. दोन्ही धरली तर पाढे म्हटल्यासारखं व्हायचं. स्वतःचा तो आवाज ऐकून त्याला कसंसंच झालं. इतका वाईट तो कधीच गायला नव्हता. त्याने पुन्हा धरलं. पुन्हा. चमचा वाकला.

त्याची मुलगी कामावरून परस्पर इकडे आली. आठवड्यातून दोनदा ती यायची, फ्रिज उघडून बघायची आणि काही न बोलता बंद करायची. आज ती दारातच थांबली, एक चप्पल पायात, एक हातात.

"बाबा, हे काय करताय?"

"मोजतोय."

तिने चप्पल हळूच खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

ती येऊन समोर बसली. "लहानपणी मला वाटायचं गाणं असंच असतं. शाळेत बाई ओरडल्या, घाई करू नकोस म्हणून. मी म्हटलं, माझे बाबा असंच गातात आणि त्यांचा फोटो हॉटेलच्या दारावर आहे. बाईंनी आईला बोलावून घेतलं. मग आईने मला बोटांवर मोजायला शिकवलं. तुम्ही घरात नसताना."

"आणि मला? मला का नाही शिकवलं?"

"मी विचारलं होतं तिला."

"काय म्हणाली?"

मुलीने वाकलेला चमचा उचलला आणि सरळ करायचा प्रयत्न केला.

"म्हणाली, मी आहे ना."

गायकाने चमचा तिच्या हातातून काढून घेतला. मग इतक्या महिन्यांत तिच्यासमोर जे बोलला नव्हता ते बोलला.

"मग गेली कशाला?"

मुलगी उठली, तिने चहा टाकला, आणि दूध वर यायला लागलं तेव्हा गॅस बंद करून तशीच ओट्याला टेकून उभी राहिली.

"कीबोर्डवाल्या बाईंकडे जा," ती पाठमोरीच म्हणाली. "आई करायची तसं करा. आधीच सांगून टाका. लाज वाटेल. वाटू दे."

कीबोर्डवाली एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत पियानोची शिकवणी घ्यायची. खालच्या धुलाईयंत्रांमुळे जमीन सतत थरथरायची आणि जिन्यात साबणाच्या वाफेचा वास असायचा. गायक वर पोचला तेव्हा ती पियानोवरची धूळ ओढणीने पुसत होती. तो धापा टाकत होता. दम खायलाही थांबला नाही. थांबला असता तर तिथूनच परत फिरला असता.

"मात्रा मी खातो," तो म्हणाला.

"आत तरी या. असं दारात उभं राहून कोण सांगतं?"

तो आत आला. पोरांसाठीच्या बुटक्या खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बसला. गुडघे छातीशी आले.

"आधी मला वाटलं माझंच चुकतंय," ती म्हणाली. "मग लक्षात आलं. दोनदा बोलायला गेले तर तुम्ही असे डोळे वटारलेत की मी म्हटलं, मरू दे. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि साथीला माणूस हवा, असं कसं चालेल?"

"तुम्हीही खा. मी खातो तिथे."

"कधी खाता?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"मला ती खाल्लेली कळत नाही. माझ्या बाजूने गाणं पूर्ण असतं. बायकोला आधी कळायचं; ती टाच उचलायची आणि बाकीचे ते बघून यायचे."

तिने ओढणी खांद्यावर टाकली. "त्यांना कशावरून कळायचं? त्या कुठे बघायच्या? मान? हात? श्वास घेताना काही व्हायचं का तुमचं?"

"ती मागे बसायची," गायक म्हणाला. "मी पुढे बघायचो."

खालचं एखादं यंत्र शेवटच्या गिरक्या घ्यायला लागलं असावं. जमीन जोरात हादरली आणि मग शांत झाली.

"इतक्या वर्षांत एकदाही वळून बघितलं नाहीत?"

"कुणी चुकलं की बघायचो. ती चुकत नसे."

कीबोर्डवाली पियानोशी बसली आणि म्हणाली, उभे राहा, पाठ माझ्याकडे करा, गा. तो गायला. तिने मानेकडे बघितलं आणि चुकली. हाताकडे बघितलं, चुकली. त्याला समोर तोंड करून उभं केलं, तर त्याचा आवाजच फुटेना. आपल्याकडे निरखून बघणाऱ्या माणसासमोर तो कधी गायलाच नव्हता. पुन्हा पाठ. पुन्हा चूक. एकदा दोघं बरोबर आली, पण ते आंधळ्याने मारलेला दगड लागावा तसं होतं, आणि दोघांनाही ते समजलं.

"दूध उतू जाणार असतं तसं कळतं म्हणे," गायकाने काकुळतीला येऊन सांगितलं.

"दादा, दूध माझं रोज उतू जातं."

तिने पियानोचं झाकण लावलं. तो त्या बुटक्या खुर्चीशेजारी हात लोंबते सोडून उभा होता. ती म्हणाली, "या शनिवारी येते. मी चुकणार, आधीच सांगते. तुम्ही वळून डोळे वटारायचे नाहीत."

"नाही वटारणार."

"आणि माइकवर काही बोलायचं नाही."

"नाही."

शनिवारी हॉल भरला होता. काटे-चमचे वाजत होते, भटारखान्याचं झुलतं दार उघडझाप करत होतं. गायकाने पहिलं गाणं उचललं. अंतरा संपला, तो मुखड्यावर आला आणि मागे कीबोर्ड अडखळला. त्याची मान वळायला निघाली, सवयच ती. त्याने ती दाबून धरली. दुसऱ्या गाण्यातही तेच झालं. मागून अगदी हळू आवाज आला, "सॉरी."

"तुमचं नाही," तो म्हणाला, आणि ते माइकमधून सगळ्या हॉलने ऐकलं. पुढच्या टेबलावरच्या एका बाईने नवऱ्याला विचारलं, काय म्हणाले ते?

पण त्याचं हॉलकडे लक्ष नव्हतं. मागून येणारा सूर ऐकून आजवर तो मनाची समजूत घालायचा, ती समजूत आज पटत नव्हती. मागे ती नव्हती. मागे एक परकी बाई होती आणि ती बिचारी त्याच्या पाठीवर काहीतरी लिहिलंय का ते शोधत होती. प्रत्येक वेळी सूर अडखळला की हे नव्याने कळत होतं. म्हणजे त्या वेळीही, गिटारवाला असताना, व्हायोलिनवाला असताना, मागे ती नव्हतीच.

तिसऱ्या गाण्यात अंतरा संपला आणि तो गप्प झाला. ठरवून नाही. पुढे पाऊल टाकावं आणि पायरी आहे की नाही ते कळू नये, तसं झालं. कीबोर्ड एकटाच मुखड्यावरून गेला, फिरून आला, पुन्हा त्याच जागी आला. तो गप्पच. लोकांनी ताटातून माना वर केल्या. झुलत्या दारात मॅनेजर येऊन उभा राहिला. कीबोर्ड पुन्हा फिरून यायला निघाला. कुठे शिरायचं ते त्याला खरोखरच माहीत नव्हतं. आयुष्यभर त्याने ते कधी ठरवलंच नव्हतं. तो कुठेही शिरायचा आणि ती तिथे असायची.

तो वळला. स्टेजवर उभा राहून, न रागावता, तो पहिल्यांदा मागे वळला. कीबोर्डवाली घामाने डबडबली होती. तिचे ओठ हलत होते: पाच, सहा, सात, आठ. आणि तिने हनुवटी खाली केली.

तो शिरला. आता उशिरा. तिने कसाबसा सूर ओढून धरला आणि त्याला आत घेतलं. उरलेलं गाणं तो लोकांकडे पाठ करून गायला, तिच्या हनुवटीकडे बघत. आवाज चोरटा झाला होता. टाळ्या वाजल्या त्या दोनचार, त्याही बहुतेक गाणं संपल्याच्या.

"हे काय होतं?" मॅनेजर नंतर म्हणाला. "लोकांना पाठ दाखवायची?" मग गायकाच्या तोंडाकडे बघून तो जरा थांबला. "आणखी दोन शनिवार बघतो, दादा. मग मशीन, नाहीतर तुमचं तुम्ही बघा."

मागच्या जिन्याने उतरताना गायकाने कीबोर्डच्या पिशवीचं एक टोक धरलं. तिला नवल वाटलं असणार.

"पुढच्या शनिवारी याल ना?" त्याने विचारलं.

"घरी विचारून सांगते."

हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. गिटारवाल्याने हेच म्हटलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, विचारा, विचारा, माझ्या दारात रांग लागली आहे.

"या," तो आता म्हणाला. "मला एकट्याला नाही जमत."

"ते आज सगळ्यांनी बघितलं." ती एका पायरीवर थांबली. "दादा, खरं सांगू? मागे बसून माणसाकडे डोळ्यांत तेल घालून बघत राहायचं, आता हा काय करेल, आता हा काय करेल, हे वाजवणाऱ्याचं काम नाही. ते बायको करते. किंवा आई करते. वाजवणारे यायचे ते तिच्या जिवावर वाजवायचे, आणि आता ती नाही म्हणून जातात. तुमच्या तापट डोक्याचा त्यात वाटा आहे, पण थोडासाच. तापट लोकांबरोबर मी पुष्कळ वाजवलंय."

"मग मी काय करू?"

"मोजायला शिका."

"मोजलं की गाता येत नाही."

"मग वाईट गा. लोक जेवत असतात." तिने पिशवी पुन्हा उचलली. "दोन शनिवार मी येते. त्यापुढचं माझ्यावर सोडू नका."

रविवारी सकाळी गायक टेबलाशी बसला. चमचा नको म्हणून त्याने बोटच घेतलं. खिडकी बंद केली, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, आणि अंतरा म्हटला. आवाज लाकडासारखा लागत होता. शब्द एकेक करून, ठेच लागल्यासारखे येत होते. बायको ऐकत असती तर हसली असती, किंवा उठून आत निघून गेली असती. अंतरा संपला. पाच. सहा. सात. सातावर सगळं अंग पुढे झुकलं, तोंड आपोआप उघडलं. त्याने ते मिटलं. बोट टेबलावर पडलं.

आठ.

तिथे काही नव्हतं. सूर नव्हता, शब्द नव्हता, मागे कुणी नव्हतं. आयुष्यभर त्याला ही जागा ठाऊक नव्हती. ती ओलांडेपर्यंत त्याला वाटलं, आता काही आपण पलीकडे पोचत नाही.

मग मुखडा आला. तो फार वाईट गायला, आणि पुन्हा अंतऱ्यापासून सुरुवात केली.